वहीतली भैरववाडी

माझ्या नवऱ्याची तक्रार अशी, की बँकेत एकतीस वर्षं काढूनही त्याच्याकडे सांगण्यासारखे जेमतेम तीन किस्से आहेत, आणि मी मात्र रोज संध्याकाळी चपला काढता काढताच सुरू होते! आता यात माझा काय दोष? बँकेत दिवस सकाळी सुरू होतो आणि संध्याकाळी संपतो. शाळेत दर पस्तीस मिनिटांनी घंटा होते. एक प्रकरण अर्धवट सोडून दुसऱ्या वर्गात शिरावं, तर तिथं दुसरंच काहीतरी माझी वाट बघत असतं. दिवसाला आठ तास, त्यातले निदान दोन तरी घरी आणण्यासारखे निघतात.

कर्वेनगरातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी एकोणीस वर्षं इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवते. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीत आठल्ये सर बसतात. त्यांचा भूगोल. आम्हा दोघांच्या विषयांना मिळून शाळेत 'इतर' म्हणतात. मी गमतीनं नाही सांगत, वेळापत्रकाच्या तक्त्यावर तसं छापलेलं आहे!

सर राहायला शनिवार पेठेत. येतात सायकलवर, बोलतात मोजकं, आणि जे बोलतात ते समोरच्याला जिना उतरल्यावर लागतं. येत्या मे महिन्यात ते निवृत्त होताहेत. दहावीच्या भूगोलात क्षेत्रभेट नावाचा धडा आहे. मुलांना वर्गाबाहेर न्यायचं, एखादं गाव पाहायचं, तिथल्या लोकांना प्रश्न विचारायचे आणि परत येऊन अहवाल लिहायचा. सर हे वर्षानुवर्षं शिकवताहेत, आणि आजवर एकदाही क्षेत्रभेटीला गेलेले नाहीत. एकदाही नाही!

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी ते मला म्हणाले, "शेलार बाई, पोहायला शिकवणारा माणूस पाण्यात न उतरता घरी चाललाय. एकदा तरी जाऊन यायचं आहे."

सरांनी एका दमात इतकं बोलणं म्हणजे प्रकरण गंभीर होतं. मी डब्याचं झाकण परत लावून टाकलं.

*

मग इतकी वर्षं मुलं अहवाल कसा लिहीत होती? सोपं आहे. आम्ही डिक्टेट करतो.

सरांच्या आधी इथे लिमये सर होते. ते कधीकाळी मुलांना घेऊन खरोखरच भैरववाडीला गेले होते. शाळेपासून नऊ किलोमीटर. परत येऊन त्यांनी दोन पानांचा सुरेख अहवाल लिहिला. तो इतका सुरेख होता, की पुन्हा कुणी जाण्याची गरजच उरली नाही! आमच्या संस्थेच्या तीन शाळा आहेत. शनिवार पेठेतली जुनी, आमची, आणि वाघोलीची नवी. तिन्हीकडे दरवर्षी तोच अहवाल उतरवून घेतात.

"आम्ही सकाळी सात वाजता निघालो. हवा आल्हाददायक होती. गावात पोहोचताच दुतर्फा भाताची हिरवीगार खाचरे दिसली. गावाच्या पश्चिमेस एक ओढा वाहतो. एका प्रेमळ शेतकऱ्याने आम्हांस ताक दिले."

हे ताक पिऊन किती पिढ्या दहावी पास झाल्या, त्याचा हिशेब नाही. माझा स्वतःचा मुलगा त्यातलाच!

तर या जुलैत सर दहावी 'ब'ला हे सांगत होते. 'हिरवीगार खाचरे' आलं आणि तिसऱ्या बाकावरून हात वर झाला. सानिका पवळे. हुशार मुलगी, पण विचारल्याशिवाय बोलत नाही.

"सर, मी भैरववाडीलाच राहते."

"बरं मग?"

"तिथे खाचरं नाहीयेत. आमची सोसायटी आहे. आणि ओढ्यावर पार्किंग आहे."

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "ए, ताक तरी आहे का?" आणि सगळे फुटले!

सरांनी हातातला कागद सरळ केला. मग म्हणाले, "सानिका, परीक्षेत खाचरे लिही." आणि पुढचं वाक्य सांगायला लागले.

मधल्या सुट्टीत सरांच्या चहावर साय धरली. शेवटी म्हणाले, "मी आज एका मुलीला तिच्या स्वतःच्या गावाबद्दल खोटं लिहायला सांगितलं. आणि तिनं लिहिलं हो, निमूट." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी क्षेत्रभेटीच्या परवानगीचा अर्ज दिला. ठिकाण, भैरववाडी.

*

आमच्या मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्या कुणालाही नाही म्हणत नाहीत, ही त्यांची ख्याती आहे.

जुलैत म्हणाल्या, "सर, कल्पना छानच आहे! पण हा पाऊस बघताय ना?"

ऑगस्टमध्ये चाचणी होती. सप्टेंबरात गणपती. ऑक्टोबरात त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "ऊन काय पडलंय हो! एखाद्या मुलाला चक्कर आली तर पालक मला खातील."

सर म्हणाले, "बाई, पावसाळा झाला, ऊन झालं, आता थंडी येईल. भूगोलात याला हवामान म्हणतात. ते वर्षभर असतं."

"अहो सर, मी नाही म्हणतच नाहीये! फक्त आत्ता नको, इतकंच."

अर्ज दर वेळी परत यायचा आणि त्यावर हिरव्या शाईत एकच शेरा असायचा, 'चर्चा करावी'. कुणी, कुणाशी, ते लिहिलेलं नसायचं. सरांनी चौथ्या अर्जाखाली स्वतःच टाकलं, 'चर्चा केली. दोघेही थकलो.'

*

नोव्हेंबरात मोठ्या बाईंना तोडगा सापडला. शाळेला नवा स्मार्ट बोर्ड मिळालेला. "सर, यावरच दाखवा ना भैरववाडी! उपग्रहातून सगळं स्वच्छ दिसतं. व्हर्च्युअल क्षेत्रभेट! बस नको, उलट्या नकोत, काही नको!"

नेमका माझा तास ऑफ होता, म्हणून मीही जाऊन मागे बसले. सरांनी बोर्डावर बोट ठेवलं, आणि पडद्यावर आली पृथ्वी. अख्खी! ती गरगर फिरून थांबली ती आफ्रिकेवर. तिथून सरांनी बोटानं ढकलत ढकलत भारतात आणली, पुण्यात आणली, तोवर वीस मिनिटं संपली होती. मग मुलांचा धीर सुटला. "सर, कर्वेनगर दाखवा!" "सर, आमची गच्ची!" "सर, ती निळी टाकी आमची!" एकेचाळीस मुलांनी आपापलं छप्पर शोधलं, आणि सानिकाची भैरववाडी येणार तेवढ्यात बोर्ड बंद पडला. परत सुरू झाला तेव्हा पुन्हा आफ्रिका.

घंटा झाली. दारात मोठ्या बाई उभ्या होत्या, कौतुकानं बघत. "झाली की नाही क्षेत्रभेट? आणि एकही मूल दमलेलं नाही!"

सर हात पुसत म्हणाले, "हो. पोचलंही नाही."

*

सरांना हसायचा मला काही अधिकार नाही, म्हणून माझीही एक गोष्ट सांगून टाकते.

दहावीच्या राज्यशास्त्रात निवडणूक आयोग आहे. गुप्त मतदान, निष्पक्ष प्रक्रिया, सगळं मी तळमळीनं शिकवते. म्हटलं यंदा वर्गाचा मॉनिटर खऱ्याखुऱ्या मतदानानं निवडू. मुलांनी मतपत्रिका केल्या, पुठ्ठ्याचा आडोसा केला, बोटाला स्केचपेननं शाई लावली. मोठ्या बाईंनी परवानगी लगेच दिली. इतकी लगेच, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. म्हणाल्या, "घ्या की निवडणूक! छान अनुभव मिळेल मुलांना. फक्त निकाल जाहीर करण्याआधी मला दाखवा."

निकाल दाखवला. सानिका पवळेला एकोणतीस मतं, ओंकारला तेरा. ओंकारचे वडील संस्थेच्या कार्यकारिणीवर आहेत. मोठ्या बाईंनी चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाल्या, "एकोणतीस आणि तेरा, म्हणजे दोघांनाही चांगलाच पाठिंबा आहे की!"

दोघंही मॉनिटर झाले. मी स्वतः वर्गात जाहीर केलं, "संयुक्त विजेते." टाळ्याही वाजल्या. तास संपल्यावर सानिका टेबलाशी आली आणि अगदी आदरानं विचारलं, "बाई, हे कितव्या धड्यात आहे?"

मी म्हटलं, "अभ्यासाला लाग." दुसरं काय म्हणणार होते? लाज वाटली, ती अजून जात नाही.

*

डिसेंबरच्या पालकसभेत 'इतर' विषयांच्या टेबलावर गर्दी नसते. गणिताच्या पाटील सरांच्या टेबलापुढे रांग दारापर्यंत, आणि आम्ही दोघं शेंगा सोलायला बसल्यासारखे रिकामे. एक आयटीतले वडील आले, घड्याळ बघत. "मॅम, क्विकली सांगा, हिस्टरीला किती टाइम द्यायचा? मॅथ्सचं शेड्यूल डिस्टर्ब नको व्हायला."

मी म्हटलं, "तुम्ही दिलात तेवढा पुरे." ते थँक्यू म्हणून निघून गेले!

शेवटी एक आजोबा आले. पांढरं धोतर, टोपी, पायात नातवंडांनी घेऊन दिलेले पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज. सानिकाचे आबा. मार्कांचा कागद त्यांनी बघितलाही नाही.

"सर, पोरीला नकाशा वाचाया येतोय का?"

"उत्तम येतो," सर म्हणाले.

"मंग झालं. आमाला येत नव्हता. मोजणीवालं आलं, नकाशा पसरला, म्हनलं, आबा, हितं तुमचं, हितं रस्त्याचं. म्या मान डोलावली. घरी येऊन बगतो, तर बांधावरचा आंबा रस्त्यात! पोरगी नकाशा शिकली पायजे, बाकी काय बी शिकू नको म्हनावं."

मी एकोणीस वर्षं पालकसभांना बसते. आमच्या टेबलावर विषयाची गरज सांगणारा हा पहिला पालक. सर उठून उभे राहिले आणि त्यांनी आबांना स्वतःची खुर्ची दिली. मग विचारलं, "आबा, तुमच्या भैरववाडीला यायचंय. मुलांना घेऊन."

"या की! पर बगाया काय हाय तिथं आता?"

"तेच बघायचंय."

*

परवानगी आली जानेवारीत, आणि आली ती आमच्या कुणाच्या पुण्याईनं नाही. शाळेची तपासणी निघाली, आणि तपासणीच्या यादीत एक ओळ होती, 'क्षेत्रभेटीची छायाचित्रे'.

मोठ्या बाई स्वतः स्टाफरूममध्ये आल्या. "आठल्ये सर, तुमचा तो अर्ज कुठंय? शुक्रवारी जाऊन या! फोटो भरपूर काढा. बॅनर मात्र प्रत्येक फोटोत दिसला पाहिजे."

अडचण एकच उरली. नियमानं तीन शिक्षक हवेत. सर आणि मी दोघं झालो, तिसरं कोण? पूर्वपरीक्षा तोंडावर, कुणी यायला तयार नाही. सर गणिताच्या पाटील सरांकडे गेले. हे पाटील सर दर परीक्षेआधी आमचे तास मागून नेतात. मला एकदा म्हणाले होते, "अहो बाई, इतिहास घडून गेलाय, तो कुठं पळून जातोय?"

सर म्हणाले, "पाटील, शुक्रवारी चला. परीक्षेपर्यंतचे माझे सगळे तास तुमचे."

"सगळे?"

"सगळे. भूगोल बाहेर शिकवून येतो, मग वर्गात काय काम?"

शुक्रवारी पाटील सर बसमध्ये सगळ्यांच्या आधी येऊन बसले.

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र आदल्या दिवशी, गुरुवारभर रण माजलं. "बस एसी आहे का?" "गावात वॉशरूम वेस्टर्न मिळेल का?" "नेटवर्क असेल ना?" "साप वगैरे?" सानिकाच्या आईनं शेवटी लिहिलं, "आमच्याकडे तीन लिफ्ट आहेत. साप जिन्यानं येत नाहीत." मग ग्रुप शांत झाला.

*

शुक्रवारी सकाळी सात वाजता आम्ही निघालो. हवा आल्हाददायक होती, ही लिमये सरांच्या अहवालातली एक ओळ तरी खरी निघाली. सरांनी कॅनव्हासची टोपी घातली होती. गळ्यात होकायंत्र, मांडीवर लिमये सरांच्या काळातला, घड्यांवर फाटलेला नकाशा. नऊ किलोमीटरला सव्वा तास लागला. सगळा वेळ सर खिडकीतून बाहेर आणि नकाशात, बाहेर आणि नकाशात बघत होते, आणि एकदाही कुणावर ओरडले नाहीत. इतकं आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

भैरववाडीच्या जागी गेट होतं. गेटवर सिक्युरिटी.

"किसके यहाँ जाना है?"

सर म्हणाले, "भैरववाडी."

"वो ठीक है सर, फ्लॅट नंबर?"

मागून सानिकानं घरचा नंबर सांगितला. मग त्यानं रजिस्टर पुढे केलं. नाव, गाडी नंबर, कुणाकडे, कामाचं स्वरूप. सरांनी 'कामाचं स्वरूप'च्या रकान्यात शांतपणे लिहिलं, 'भूगोल'. सिक्युरिटीनं ते वाचलं, आमच्याकडे बघितलं, बॅनरकडे बघितलं, आणि इंटरकॉम उचलला. पाच मिनिटांनी आबा लिफ्टनं खाली आले. तेच स्पोर्ट्स शूज.

मुलांनी प्रश्नावली काढली. तीही लिमये सरांचीच. ओंकार पुढे झाला आणि त्यानं वाचलं, "आपण कोणकोणती पिके घेता?"

आबांनी हात लांब केला. "ही ए विंग हाय न्हवं? तिथं भात. बी विंगला बी भातच. अन् ते पोहायचं तळं हाय, तिथं हरभरा यायचा. लई गोड."

"आपल्याकडे सिंचनाची साधने कोणती?"

"टँकर."

"शेतीपूरक व्यवसाय?"

आबांनी वर बघितलं. "सहाव्या मजल्यावर दोन भाडेकरू हायत."

पाटील सर मोठ्यानं हसले. मुलंही हसली. सानिका तेवढी हसत नव्हती, ती भराभर लिहीत होती.

मग सरांनी विचारलं, "आबा, पश्चिमेला ओढा होता. या नकाशात आहे."

"हाय की. चला."

आबा आम्हाला तळमजल्याच्या खालच्या पार्किंगमध्ये घेऊन गेले. अंधार, गाड्या, पेट्रोलचा वास. एका खांबाशेजारी जमिनीत लोखंडी जाळी होती. आबा म्हणाले, "बोलू नगा कुनी. आयका."

बेचाळीस मुलं गप्प झाली. माझ्या एकोणीस वर्षांत हे कधी झालं नव्हतं. आणि खरंच, खालून पाण्याचा आवाज येत होता. बारीक, पण वाहत्या पाण्याचा.

सर गुडघे टेकून जाळीशी बसले. त्यांनी होकायंत्र ठेवलं, नकाशा पसरला आणि निळ्या ओढ्याच्या रेघेवर पेन्सिलनं एक फुली मारली. सानिका त्यांच्या शेजारी बसली होती, कान जाळीला लावून. सरांचे डोळे भरून आले होते. अंधारात कुणाला दिसलं नसेल असं त्यांना वाटलं, पण मला दिसलं.

वर आलो तर आबांनी सोसायटीच्या दुकानातून बेचाळीस मुलांना पाकिटातलं मसाला ताक वाटलं! मग बॅनर धरून फोटो. पहिल्या फोटोत बॅनर नीट आला नाही म्हणून परत सगळ्यांनी ताक प्यायल्यासारखं केलं.

परतीच्या बसमध्ये ओंकारनं विचारलं, "सर, परीक्षेत कुठली लिहायची? वहीतली भैरववाडी की ही?"

सगळी बस सरांकडे बघायला लागली. पूर्वपरीक्षेचे पेपर आमच्या शाळेत तपासत नाहीत, ते वाघोलीच्या शाळेत जातात. हे सरांनाही माहीत, मुलांनाही माहीत.

सरांनी मांडीवरच्या नकाशाची घडी घातली. मग म्हणाले, "मार्क हवे असतील तर वहीतली. मला विचाराल तर ही."

"मार्क म्हणजे किती जातील सर?"

"प्रश्न आठ मार्कांचा आहे," सर म्हणाले, आणि टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

*

पेपर तपासून फेब्रुवारीत आले. तोवर तपासणी होऊन गेली होती आणि बॅनरच्या फोटोंना शाळेला 'उत्कृष्ट' शेरा मिळाला होता. मोठ्या बाईंनी सरांचं प्रार्थनेच्या वेळी जाहीर अभिनंदन केलं.

सर गठ्ठा सोडून एकेक पेपर बघत होते. मी शेजारीच होते. भाताची हिरवीगार खाचरे, सात गुण. हिरवीगार खाचरे, साडेसहा. हिरवीगार खाचरे, सात. ओंकारनं खाचरांच्या बांधावर बगळेही बसवले होते, त्याला साडेसात. एकेचाळीस पेपर. सर नुसते पानं उलटत होते. मुलांचा तरी काय दोष? बोर्डाची परीक्षा महिन्यावर आलेली.

बेचाळिसावा सानिकाचा. तिनं लिहिलं होतं, "आम्ही गेटवर नोंद करून भैरववाडीत प्रवेश केला. येथे पूर्वी भात होत असे, ती जागा ए आणि बी विंग म्हणून ओळखली जाते. गावाला पाणीपुरवठा टँकरने होतो. गावाच्या पश्चिमेस ओढा आहे. तो दिसत नाही, परंतु पार्किंगमधील खांब क्रमांक चौदाशेजारी बसल्यास ऐकू येतो." खाली पेन्सिलनं काढलेला नकाशा, दिशा, प्रमाण, सूची. सरांची फुली जिथे होती, अगदी तिथेच फुली.

समासात लाल शाईत गुण होते, आठपैकी एक. त्याखाली तपासणाऱ्यानं लिहिलं होतं, 'उत्तर काल्पनिक. प्रत्यक्ष क्षेत्रभेट केलेली दिसत नाही.'

सरांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. मग पेपर मिटला आणि बाकीच्यांबरोबर वर्गात वाटून टाकला. आमच्याकडे पद्धत आहे, पेपर घरी न्यायचा आणि पालकांची सही घेऊन दोन दिवसांत परत आणायचा.

सोमवारी सानिका स्टाफरूमच्या दारात आली. पेपर सरांच्या हातात दिला आणि वर्गात गेली. सरांनी तो उघडला, वाचला. पाटील सर माझा तास मागायला आले होते, तेही डोकावले. मग सरांनी कपाटातून एक मोठं पाकीट काढलं, पेपर आत सरकवला आणि वर सुवाच्य अक्षरात वाघोलीच्या शाळेचा पत्ता लिहायला घेतला.

"अहो सर, सही तरी झाली आहे का?" मी विचारलं.

सरांनी पेपर परत बाहेर काढून माझ्यापुढे धरला. लाल शेऱ्याच्या बरोबर खाली, पालकांच्या सहीच्या जागी, थरथरत्या मोठ्या अक्षरांत आबांची सही होती. सहीच्या वर एक ओळ.

"वढा हाय. या, आयकवतो."